आधी मच्छूमामा, मग लेकरू

दसरा उलटला की आमच्या गावात पहिल्यांदाच येणारा माणूस एसटीतून उतरल्या उतरल्या थबकायचा. स्टँडसमोरच्या कडुलिंबाला लेकराची झोळी टांगलेली असायची आणि झोळीत लेकराच्या जागी एक अगडबंब, मिशाळ माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असायचा. कानावर खडूचा तुकडा, गळ्यात मापाची टेप, अंगात बंडी आणि नजर वर शिलाईकडे लागलेली. शेजारी एखादी बाई लेकरू कडेवर घेऊन, हे गृहस्थ कधी उतरतात याची वाट बघत उभी असायची. फांदी करकरत असायची.

"ह्यांना काय झालंय?" पाहुणा हळूच विचारायचा.

"काय न्हाई," स्टँडवरचं कोणीतरी सांगायचं. "टेलर हायेत. माल तपासायलेत."

हे मच्छिंद्र टेलर. सगळ्या गावाचे मच्छूभाऊ आणि माझे मच्छूमामा. ते आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या त्या गावात मामांचं दुकान रस्त्याच्या एका अंगाला आणि दूध सोसायटी दुसऱ्या अंगाला. मी सोसायटीत दुधाची फॅट लावायला होते. त्यामुळे मामांचा कडुलिंब माझ्या खिडकीतच होता असं म्हटलं तरी चालेल. मी त्यांना जेवढं बघितलं तेवढं कांतामामींनीसुद्धा बघितलं नसेल, कारण मामींना घरात काम होतं आणि दुष्काळात आमच्या सोसायटीत काम उरलं नव्हतं.

मामांनी शर्ट-पँट फारशा शिवल्या नाहीत. त्यांचं मशीन जाड कापडाचं. दिवाळीच्या पुढे-मागे आमच्याकडची निम्मी गावं ऊस तोडायला जातात. त्यांना लागणाऱ्या ताडपत्र्या, पालं आणि लेकरांच्या झोळ्या मामा शिवायचे. झोळीच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता. ज्या शिलाईला माणूस टांगला जाणार, त्या शिलाईला आधी मामा टांगले जाणार. "हात लावून कळत न्हाई, अंग टाकून कळतं," असं म्हणायचे आणि खरोखर अंग टाकायचे. शंभर-दीडशे झोळ्यांचा हंगाम असला तर शंभर-दीडशे वेळा. एखादी बाई घाईत असली, टेम्पो भरून उभा असला, मुकादम शिव्या देत असला तरी मामा झोळीत बसून मनातल्या मनात साठ आकडे मोजायचे आणि मगच उतरायचे.

या कामासाठी वजन लागतं, असं त्यांचं म्हणणं. दुष्काळात सगळा जिल्हा वाळत चालला असताना मामा मात्र भरलेलेच. कांतामामी भाकरी वाढता वाढता म्हणायच्या, "जनावरं हाडावर आलीत, मानसं हाडावर आलीत, अन हे एकटेच फुगायलेत. लोकं काय म्हनत असतील?"

"अगं, मी खायला म्हनून खात न्हाई," मामा चौथी भाकरी मोडत सांगायचे. "माझं वजन ही धंद्याची चीज हाय."

सवय इतकी अंगात मुरलेली की लग्नात नवरदेवाला भेटायला गेले तरी पाठीवर हात फिरवायच्या मिषाने कोटाची शिवण ओढून बघायचे. एसटीत बसले की सीटचं कव्हर चाचपायचे. एकदा पाटोद्याच्या बाजारात एका अनोळखी माणसाची पिशवी मागून ओढली, तेव्हा त्याने चोर म्हणून आरडाओरडा केला. मामा शांतपणे म्हणाले, "चोर न्हाई बे. तुजी पिशवी उसवायलीय, तेवढं सांगायलोय." पिशवी खरोखर उसवत होती, हेही सांगायला पाहिजे.

या कायद्यामागे मी आहे. माझ्या उजव्या भुवईच्या वर एक खूण आहे, चांगली अंगठ्याएवढी. मी सात-आठ महिन्यांची असताना आई-बाप ऊसतोडीला गेले होते. फडाच्या कडेला बाभळीला झोळी बांधून आई ऊस तोडत होती. झोळीची शिवण सुटली आणि मी खाली आले. खाली पाचटाचा ढीग होता म्हणून वाचले, एक धसकट तेवढं कपाळात शिरलं. झोळी मामांनी शिवलेली. तेव्हा ते नवे होते, हंगामाची घाई होती, शेवटच्या टाक्याला त्यांनी दुहेरी दोरा घेतला नव्हता.

आई हे सांगताना कधीच रागावत नसे. उन्हाळ्यात टोळी परत आल्यावर ती झोळी घेऊन मामांच्या दुकानात गेली. भांडायला नाही, दुरुस्तीला. काखेत मी, कपाळाला पट्टी. म्हणाली, "भाऊ, हितं उसवलंय बघा. जरा नीट घाला." एवढंच. मामांनी झोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि झोळी आईच्या हातातून काढून घेतली. ती झोळी त्यांनी कधीच दुरुस्त केली नाही. दुकानात मशीनच्या वरच्या खिळ्याला ती तशीच, उसवलेली टांगून ठेवली. आईला नवी शिवून दिली आणि देण्याआधी भर बाजारात, लोक हसत असताना, तिच्यात स्वतः बसून दाखवलं. तेव्हापासून हा कायदा.

माझे शाळेचे सगळे गणवेश मामांनी शिवले. शिवणीत एवढं कापड दाबून ठेवलेलं असायचं की एक फ्रॉक तीन वर्षं वाढायचा. पण माझ्याशी बोलताना ते कायम माझ्या हनुवटीकडे बघून बोलायचे. वर बघायचे नाहीत.

आणि एक. झोळी पास झाली, मामा खाली उतरले, "टाक लेकरू" म्हणाले, की ती बाई लेकरू ठेवायला वाकायच्या आत ते पाठ फिरवून दुकानात जायचे आणि मशीन चालवायला लागायचे. जोरजोरात. मी खिडकीतून किती तरी वेळा बघितलंय, सुईखाली कापड नसायचं. गावाला वाटायचं, काय कामसू माणूस आहे. मला माहीत होतं. झोळीत लेकरू हलताना त्यांना बघवत नव्हतं.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सोसायटीने गावात चारा छावणी काढली. हजारभर जनावरं उन्हात उभी, तेव्हा सावलीचं काम मामांकडे आलं. मामांनी ताडपत्रीला ताडपत्री जोडून असा काही मांडव घातला की त्याच्याखाली अख्खं गाव जेवायला बसलं असतं. उद्घाटनाला जिल्ह्याचे एक पुढारी आले. गाड्यांचा ताफा थांबला, चेअरमन हार घेऊन पुढे धावले, आणि बघतात तर मांडवाच्या मधोमध मामा दोन्ही हातांनी शिवणीला धरून लोंबकळतायत, पाय जमिनीपासून वीतभर वर.

"हे कोण?" पुढाऱ्यांनी विचारलं.

चेअरमनना घाम फुटला. पण माणूस हजरजबाबी. "तपासणी चालू आहे, साहेब. आमच्याकडं काम झाल्याबिगर उद्घाटन होत न्हाई."

पुढाऱ्यांनी वर बघितलं, मामांनी वरूनच नमस्कार करायचा प्रयत्न केला आणि एक हात सुटल्यामुळे गरकन फिरून त्यांच्याकडे पाठ झाली. महिनाभर गावाला हे हसायला पुरलं. पुढे वैशाखात वावटळ आली, बसस्टँडचे पत्रे उडाले, शाळेचं छप्पर गेलं. छावणीचा मांडव फक्त पोट फुगवून बसला. त्या दिवसापासून हसणारे जरा कमी झाले.

त्याच उन्हाळ्यात ती उडीवाली माणसं आली.

आमच्या गावापासून दोन कोसांवर धबधब्याचा कडा आहे. पाऊस झाला की बघायला माणसांची जत्रा लोटते. त्या वर्षी धबधबा म्हणजे कातळावरचा काळा डाग राहिला होता आणि खालचं कुंड आटून नुसती वाळू उघडी पडली होती. आम्ही कपाळाला हात लावून बसलो होतो आणि पुण्याहून एक गाडी आली, तिच्यातली चौघं ती वाळू बघून खूश. तीन मुलगे आणि रेवती नावाची एक मुलगी. कड्यावरून उडी मारायची, हवेत पॅराशूटची छत्री उघडायची आणि वाळूत उतरायचं, असा त्यांचा नाद. एरवी कुंडात पाणी, दगड शेवाळलेले, त्यामुळे उतरायला जागाच नसते. दुष्काळाने कोणाचं भलं झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यांना छत्रीच्या घड्या घालायला मोठी, स्वच्छ, गुळगुळीत जागा पाहिजे होती. सोसायटीच्या हॉलची शहाबादी फरशी रिकामीच होती. दुधाचे कॅन एका कोपऱ्यात सरकवले आणि चौघांनी आपापली छत्री पसरली. तो सोहळा बघण्यासारखा होता. प्रत्येक दोरी वेगळी काढायची, कापडाची चुणी न् चुणी बसवायची, आतली हवा गुडघ्याने दाबून काढायची. पाऊण तास कोणी कोणाशी बोलत नाही. आणि आपली घडी आपणच घालायची, दुसऱ्याच्या घडीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. रेवतीने सांगितलं, कड्यावर येण्याआधी विमानातून दोनशे उड्या माराव्या लागतात, मग पुलावरून, खाली पाणी असताना. त्याआधी कड्यावर कोणी उभंसुद्धा करत नाही.

पहिल्या दिवशी तिघं वाळूत नीट उतरले. रेवतीला वाऱ्याने नेऊन बाभळीत घातलं. आमच्याकडे वारा कुठूनही सुटला तरी माणसाला बाभळीतच नेतो. मुलगी खरचटण्यावर सुटली, पण छत्री वीतभर फाटली. तिच्याकडे ठिगळाचं कापड होतं, दोरा होता, शिवायचं कसं हेही ठाऊक होतं. मशीन नव्हतं. मी तिला रस्त्यापलीकडे नेलं.

"काका, दोन तास मशीन द्याल का? मी स्वतःच शिवीन."

"माझ्या मशीनला दुसऱ्याचा पाय लागत न्हाई," मामा म्हणाले. "काय हाय ते आन हिकडं."

त्यांनी ते कापड दोन बोटांत धरलं. पिवळंधमक, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. "हे काय वारं शिवायचंय का?" मग काय, कुठून, कसं, हे सगळं तिने सांगितलं. मामा ऐकत होते आणि शिवणी बघत होते. दुसऱ्याचं चांगलं काम बघितलं की ते ओठ आत घ्यायचे, तसे घेतले होते.

"अन ही फाटली तर दुसरी छत्री कुठं असती?"

"नसते. उंची एवढी कमी की दुसरी उघडायला वेळच मिळत नाही. एकच असते, काका."

मामांनी कानावरचा खडू काढून खाली ठेवला. "झोळीबी एकच असती," ते स्वतःशीच म्हणाले. मग एकदम विचारलं, "कावून मारती गं उडी? घरी कुनी बोललं का?"

रेवती हसली. "घरी बोलतात ना, पण मारते म्हणून बोलतात. आईने दोन महिने अबोला धरला होता." मग म्हणाली, "लहानपणी मी गच्चीच्या कठड्यालाही हात लावत नसे, इतकी भित्री. अजूनही कड्यावर पाय लटलटतात. लटलटतात म्हणूनच घडी नीट घालते. ज्या दिवशी पाय लटलटणार नाहीत, त्या दिवशी बंद करणार. आणि छत्री उघडल्यावर जे शांत होतं ना, काका, ते मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही."

मामांनी माझ्या हनुवटीकडे बघितलं. "पोरगी कामाची हाय," म्हणाले आणि मशीनवर बसले.

पिवळ्या कापडाला लाल ठिगळ. तिच्याकडे तोच रंग होता. ती शेजारी उभी राहून सांगत होती आणि मामा तिने सांगण्याआधी दोनदा स्वतःच उसवून पुन्हा शिवत होते. काम झालं. रेवतीने उजेडात धरून टाका न् टाका बघितला, खूश झाली आणि छत्री घ्यायला हात पुढे केला. मामांनी छत्री काखेत मारली.

"आजून पास न्हाई झाला माल."

ते थेट कडुलिंबाकडे निघाले तेव्हा रेवतीच्या ध्यानात आलं. ती किंचाळतच धावली. "काका, नाही! हे कापड वजन धरत नाही. हे वारा धरतं. वजन दोऱ्या धरतात. तुम्ही यात बसलात तर कापड ताणून वाया जाईल!"

मामा झाडाखाली उभेच्या उभे. एवढ्या वर्षांत त्यांच्या कायद्याला असं कोणी अडवलं नव्हतं. त्यांनी छत्री हळूच गोळा केली, दुकानात नेली, कपाटात ठेवून कुलूप लावलं. "मग ही मिळायची न्हाई," म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चौघंही दुकानात. एक मुलगा म्हणाला, "काका, जबाबदारी आमची. लिहून देतो."

"शिलाई कुनाची?" मामांनी विचारलं.

"तुमची."

"मग जिम्मा कुनाचा?"

तो रेवतीकडे बघायला लागला. रेवती मात्र म्हणाली, "काकांचं बरोबर आहे. मी तरी दुसऱ्याने घातलेली घडी घेऊन उडी मारते का?" आणि तिथल्या बाकावर बसून राहिली. परवा त्यांना परत निघायचं होतं. इतक्या लांब येऊन, रेवती एकाच उडीवर. पण तिने मामांना एकदाही आर्जव केलं नाही. मामांना तेच जड गेलं असावं. दुपारी वारा सुटला, छावणीचा मांडव फडफडायला लागला. मामा बराच वेळ तिकडे बघत होते. मग उठले आणि कपाटाची किल्ली काढली.

"कापड वारा धरतं म्हनलीस न्हवं? मग वाऱ्यानंच तपासू. पन आत मी असनार."

रेवतीचे डोळे चमकले. असा सराव तेही करतात म्हणे, सपाट रानात, वाऱ्यावर छत्री उभी करून. आमचा पाझर तलाव आटून भेगाळलेलं मैदान झाला होता. बातमी फुटली आणि छावणीतली जनावरं सोडून सगळे तलावात. मामांना पट्टे चढवायला तीन माणसं लागली. सगळ्या कड्या शेवटच्या टोकाला ओढल्या तरी पोट आत जाईना. हेल्मेट डोक्यावर टोपीसारखं नुसतं ठेवलेलं. आठ गड्यांना दोर धरून उभं केलं, नाहीतर मामा थेट जामखेडला जातील म्हणून. तेवढ्यात कांतामामी धापा टाकत आल्या.

"अवो, तळ्यात बुडायला पानी राह्यलं न्हाई म्हनून हवेत बुडायलाव का?"

"तू गप बस. काम चाललंय."

वारा आला. रेवतीने ओरडून सांगितलं, मामांनी दोऱ्या ओढल्या आणि ती पिवळी छत्री जमिनीवरून उठून त्यांच्या डोक्यावर उभी राहिली. मामा दहा पावलं पळाले, मग पाय पळत राहिले आणि जमीन सुटली. फार नाही, दीड हात. पण सुटली. सगळे "वर, वर" म्हणून ओरडत होते, आणि मामांची मान वर, नजर लाल ठिगळावर, ओठ हलतायत. ते आकडे मोजत होते. साठपर्यंत वाऱ्याने काही धीर धरला नाही. सात-आठला मामा खाली आदळले, पन्नास पावलं फरफटले आणि आठही गडी त्यांच्यावर पडले. धूळ बसली तेव्हा मामा उठून बसले. एक चप्पल गायब, मिशा पांढऱ्याच्या मातकट झालेल्या.

"पास," ते म्हणाले.

उडीच्या दिवशी सकाळी कुंडाच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. रेवतीने वर जाताना मामांना एकच सांगितलं, "काका, खालची वाळू मोकळी ठेवा, बस." मामांनी मान डोलावली. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी खडकामागे बसवलेल्या आठ गड्यांना खूण केली. त्यांच्याजवळ छावणीची ताडपत्री होती, चौपदरी. मी म्हटलं, "मामा, तिनं मोकळी ठिवा म्हनून सांगितलंय."

"शिलाई पास हाय," मामा म्हणाले. "पन पोरगी कुनाची तरी हाय."

वर तिच्या साथीदाराने उंचीचा अंदाज घ्यायला दगड खाली सोडला आणि आकडे मोजले. तो पडल्याचा आवाज आमच्याजवळ आला. मग तिने कड्याच्या टोकावर पाय ठेवले. मुख्य छत्रीला बाहेर ओढणारी छोटी छत्री साथीदाराने हातात धरली. उडी मारणाऱ्याने आपला जीव त्याच्या मुठीत द्यायचा, हीही त्यांची रीत. वरून तिचा आवाज आला, "तीन..."

मी शेजारी बघितलं तर मामा कड्याकडे पाठ करून, कातळाला तोंड लावून उभे. उजवा पाय मशीनच्या पट्टीवर ठेवल्यासारखा खाली-वर होत होता.

"मामा, वळा."

"तू बघ अन सांग मला."

मला काय झालं कोणास ठाऊक. त्यांच्याशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. पण मी त्यांचा दंड धरला. "मी न्हाई सांगायची. त्या झोळीतनं मी पडलेते, दुसरं कुनी न्हाई. मी म्हनतीय, वळा!"

त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या भुवईकडे बघितलं. आणि वळले.

"...एक!" ती आली. कातळावरून सुटलेला एवढासा जीव, आणि मग थाडकन आवाज. पिवळी छत्री उघडली. मधोमध लाल ठिगळ, उन्हात पेटल्यासारखं. मामांनी तोंडावर हात धरला. रडत होते की हसत होते ते मला कळलं नाही, कारण मला स्वतःलाच नीट दिसत नव्हतं.

त्यानंतर जो गोंधळ झाला तो निव्वळ आमच्या गावाचा. आठ गडी ताडपत्री ताणून धावत सुटले. रेवती वरून "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" म्हणून ओरडतेय, आणि यांना वाटतंय ती मदतीला बोलावतेय. ती उजवीकडे वळली की हे उजवीकडे, ती डावीकडे गेली की हे डावीकडे. शेवटी तिने हात टेकले आणि ती ताडपत्रीच्या बरोबर मध्यावर उतरली. आठ गडी एकमेकांच्या डोक्यांवर आपटले, वरून छत्रीने सगळ्यांना झाकून टाकलं. कापडाखालून आधी शिव्या आणि मग हसू ऐकू आलं. रेवती बाहेर आली ती लालबुंद होऊन.

"काका! वाळू मोकळी ठेवा म्हणाले होते ना मी?"

"ठिवलती की," मामा डोळे पुसत म्हणाले. "हे आता मधीच आले." आणि तिच्या खांद्यावरून मागे जाऊन शिवण तपासायला लागले. एकही टाका हललेला नव्हता. रेवती मग वाळूत बसून पोट धरून हसली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. धबधबा पडला, कुंड भरलं, सोसायटीत कॅनला कॅन लागले आणि उडीवाल्यांना जागा उरली नाही. माझं लग्न झालं, मी सिरसाळ्याकडे गेले. मामांना साखरेचा आजार धरला. अधूनमधून कळायचं, मामा वाळले, मामा फार वाळले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते माझी मुलगी तीन महिन्यांची असताना. माहेरी आले होते. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. मामांनी तिच्यासाठी झोळी शिवून तयार ठेवली होती. मशीनच्या वर खिळ्याला जुनी, उसवलेली झोळी तशीच होती. मामा काठी टेकत कडुलिंबाखाली आले. बंडी अंगावर भोपळ्याच्या वेलीवर टाकल्यासारखी. नेहमीसारखे झोळीत बसले, वर बघितलं. फांदी करकरली नाही.

त्यांनी अंग हलवून बघितलं. मग म्हणाले, "थांब. माजं वजन आता धंद्याच्या कामाचं न्हाई राह्यलं. सोसायटीतनं पेंडीचं पोतं आना रे."

दोघांनी सरकी पेंडीचं पोतं आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या पोत्यामागे मामा जवळजवळ दिसेनासे झाले. फांदी करकरली. मामांनी पोत्याला मिठी मारून साठ आकडे मोजले, या वेळी मोठ्याने. मी, कांतामामी, पोतं आणणारे दोघं, सगळे उन्हात उभे राहून ऐकत होतो.

"पास," ते म्हणाले. पोतं उतरवलं, मग त्यांना उतरवलं. "टाक लेकरू."

मी मुलीला झोळीत ठेवायला वाकले. लहानपणापासूनची सवय, माझे कान मशीनच्या आवाजाकडे लागले होते. आवाज आला नाही. मी मान वर केली तर मामा तिथेच उभे होते, झोळीची दोरी हातात धरून, तिच्याकडे बघत. त्यांनी दोरी ओढली. झोळी जरा जोरातच गेली.

"हळू वो!" कांतामामी ओरडल्या.

"पयल्यांदाच वढायलोय गं," मामा म्हणाले. "येईल हळूहळू."